मोहाखालचा काटा

परवा मोहाडीच्या बाजारात वाळल्या मोहफुलांचा वास आला आणि माझे पाय जागीच थांबले.

तेव्हा मी बालवाडीचं प्रशिक्षण घेत होते. शिकवणाऱ्या बाई आम्हा मुलींना अड्याळकडच्या एका गोंड टोलीवर, छोट्याशा वस्तीवर, घेऊन गेल्या. टोलीबाहेरच्या मोहाची सावली त्यांना आवडली. त्याच्याच एका फांदीला आम्ही मुलांचं वजन करायचा काटा बांधला आणि खाली झोळी अडकवली. टोलीतल्या बाया लेकरं छातीशी धरून लांबच उभ्या राहिल्या.

"अगं, या ना पुढे! घाबरता कशाला?" बाई ओरडल्या.

एक तरुण आई तेवढी आली, रिकाम्या हातांनी. आमच्या चपलांनी तुडवलेली माती तिनं हातानं सारखी केली.

"माहा पोरगा इथंच पुरला हाये, बाई. अंगावरचं लेकरू गेलं का आमी मोहाखालीच ठेवतो. झाड त्याले दूध पाजते."

मग तिनं झोळीकडे पाहिलं. "त्याचं बी वजन करता का?"

मला तेव्हा तो टोमणा वाटला होता. माझं तान्हं गेलं, त्यानंतर कळलं, ती खरंच विचारत होती.