पावसाळ्यात गप्प बसलेला पत्ता

एका जागी बसणं मला जमत नाही. सर्व्हर पुन्हा सुरू होईपर्यंतची तीन मिनिटंसुद्धा मी खोलीत येरझाऱ्या घालून काढतो. या उतावळेपणानेच त्या वर्षी घात केला.

बोईसरच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये मी कॉम्प्युटर सांभाळतो. जुलैमध्ये मालकांनी तीन नवे प्रोग्राम आणले. सर्व्हर एकच, आणि प्रत्येक प्रोग्रामला आपला वेगळा आयपी पत्ता हवा. त्यात अवघड काही नसतं. सर्व्हरच्या एकाच नेटवर्क कार्डाला जादा पत्ते जोडता येतात, एका दारावर तीन पाट्या लावाव्यात तसे. फक्त तो पत्ता आधीच दुसऱ्या कुठल्या मशीनचा नाही ना, एवढं बघायचं. मी एकेका पत्त्याला पिंग करून हाक मारली. तीन पत्त्यांनी ओ दिली नाही. म्हटलं, हे रिकामे. तिन्ही सर्व्हरला जोडले आणि चहाला गेलो. कुठला पत्ता कुणाचा, याची वही कपाटात होती. ती काढायचा मी कंटाळा केला.

आमचं घर घिवलीचं, मच्छीमारांचं. थोरला भाऊ, दादा, नाव चालवतो. नारळी पौर्णिमेनंतरची पहिली मासळी तो बर्फातच ठेवायचा. त्या वर्षी मी त्याच्या मागे लागलो. "आमच्याकडे ठेव. तिथं मशीन लक्ष ठेवतं. थंडी जरा कमी झाली तर माझ्या फोनवर घंटा वाजते."

त्याला ते पटत नव्हतं. शेवटी म्हणाला, "तू हायस ना तिथं? मग ठेवतो."

पापलेटचे क्रेट सकाळी टेम्पोने आले. मासळीची खोली पावसाळाभर बंद होती. ती आदल्या दिवशी हाताने चालू करून गार केली होती. क्रेट आत लागल्यावर मी तिचा कंट्रोलर, म्हणजे थंडी मोजून कॉम्प्रेसर चालवणारा डबा, नेटवर्कला जोडला आणि खोली ऑफिसातल्या कॉम्प्युटरच्या हवाली केली. पडद्यावर थंडीचा आकडा आला, गेला, पुन्हा आला. केबल सैल असेल म्हणून केबल बदलली. मग नेटवर्कचा स्विच बदलला. खोली ते ऑफिस, ऑफिस ते खोली, नुसती धावपळ. घंटा काही वाजत नव्हती, एवढ्यावरच मी मनाची समजूत घालत होतो. दुपारी खोलीचं दार उघडलं, तर थंडी चेहऱ्याला लागेना.

कंट्रोलरची केबल उपटली आणि त्याच्या पत्त्याला हाक मारली. केबल माझ्या हातात, तरी पलीकडून उत्तर येतंय! उत्तर देणारा माझाच सर्व्हर होता. कॉम्प्रेसर चालवायचे हुकूम कंट्रोलरला न मिळता त्याच्याकडे जात होते. आकडेच धड पोचत नव्हते, मग घंटा वाजणार कशी? मी रिकामे समजलेल्या तीन पत्त्यांतला एक या कंट्रोलरचा होता; जुलैत तो गप्प होता, कारण मासेमारी बंद होती. आणि हे मला सुचलं नाही, मच्छीमाराच्या घरात वाढून! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

सर्व्हरवरचा तो जादा पत्ता काढायला हुकुमाची एक ओळ पुरली. कंट्रोलर पुन्हा जोडला, कॉम्प्रेसर घरघरला. दादाला मीच फोन करून बोलावलं.

त्याने एकेक पापलेट अंगठ्याने दाबून पाहिलं. निम्म्या क्रेटमधली मासळी नरम पडली होती. मी भडाभडा सगळं सांगितलं, तो कंट्रोलर, तो पत्ता, माझी चूक. त्याने हातातलं पापलेट परत क्रेटमध्ये ठेवलं. मग म्हणाला, "पावसात आमची नाव किनाऱ्यावर झावळ्यांनी शाकारलेली असते. दोन महिने गप पडून असते. तवा ती कोणाची नाय, असं समजतोस काय तू?"

तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

आता पत्ता द्यायच्या आधी मी वही काढतो, दोघातिघांना विचारतो. दादा मासळी पुन्हा बर्फातच ठेवतो. मासळीच्या खोलीत त्याच्या क्रेटची फळी अजून रिकामी आहे. मालक दर हंगामात विचारतात, ती दुसऱ्या कुणाला देऊ या का. मी सांगतो, ती आमच्या दादाची आहे.