चढायचं जिन्यानं, उतरायचं लिफ्टनं

कोल्हापुरात लोकांना व्यायाम शिकवून पोट भरू म्हणणं हा आगाऊपणाच. इथं प्रत्येकाचा निदान एक चुलता तालमीत घुमलेला असतो आणि तुम्ही हात वर केलात की तो कसा वर करायचा हे सांगायला चारजण पुढं येतात. तरीही बी.कॉम. झाल्यावर मी घरात जाहीर केलं, की मी फिटनेस कोच होणार.

आबा, म्हणजे माझे वडील, दूध संघातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "म्हंजे पीटीचा मास्तर की."

"मास्तर नाही, कोच."

"बरं, कोच. मग त्येचं शिक्षान कुठाय?"

प्रश्न रास्त होता, म्हणूनच मला राग आला. शिक्षणाचे दोन रस्ते मी बघून ठेवले होते. एक, शारीरिक शिक्षणाची दोन वर्षांची पदवी. तिथं भल्या सकाळी मैदानावर हजेरी, हाडांची आणि स्नायूंची नावं पाठ करणं आणि वर परीक्षा. दुसरा, मोबाइलवरचा कोर्स. मी दुसरा निवडला आणि व्यायामाचं सगळं शिक्षण गादीवर आडवा पडून घेतलं. व्हिडिओ दुप्पट वेगानं पळवता येत असल्यामुळं मी फारच लवकर तज्ज्ञ झालो.

सर्टिफिकेट लॅमिनेट करून राजारामपुरीतल्या एका जिममध्ये गेलो. मालकानं ते बाजूला ठेवलं आणि मंडईत वांगं दाबून बघावं तसा माझा दंड दाबून बघितला.

"पावणं, अनुभव किती हाय?"

"इथं राहून घेतो की."

"हितं न्हाय. कुठंतरी घिऊन या, मग बघू."

अनुभव घ्यायचा तर कुणीतरी माणूस हवं. बाहेरचं कुणी माझ्या हाती लागेना, म्हणून घरातलं धरलं. आईचे गुडघे कुरकुरत होते. ऑपरेशनची गरज नाही, पण पायात ताकद आणा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आमचं कुलदैवत जोतिबा. मागच्या खेपेला पायऱ्या नकोत म्हणून आई डोंगरावर गाडीतच बसून राहिली. आम्ही दर्शन घेऊन आलो आणि तिच्या कपाळाला गुलाल लावला. त्यानंतर कितीतरी दिवस ती मधेच म्हणायची, "देव म्हणत आसंल, हितवर आलीस आन् गाडीतच बसलीस व्हय गं?" ते ऐकून मला वाईट वाटायचं.

आबांनी अट घातली. "हिला तिच्या पायानं जोतिबाचं दर्शन घडीव. जमलं तर कर तुझी कोचगिरी. न्हाय जमलं तर गप दूध संघात चिकटायचं."

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. माझी पद्धत शास्त्रशुद्ध होती: चढायचं जिन्यानं, उतरायचं लिफ्टनं. म्हणजे दम वाचतो आणि फेऱ्या जास्त होतात. आई पदर खोचून चढायची आणि मी गळ्यात शिट्टी अडकवून मागनं ओरडायचो. सुरुवातीला ती प्रत्येक वळणावर टेकायची. पावसाळा सरला तशी न थांबता वर जायला लागली. मी तिचा व्हिडिओ काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवला. स्वतःवर इतका खूश मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.

गर्दी नसलेला दिवस बघून आम्ही जोतिबाला गेलो. गाडी लावली, नारळ घेतला, पायऱ्यांपाशी आलो आणि मी जागीच थबकलो.

जोतिबाला आधी उतरायचं असतं. गाड्या वर थांबतात, देव खाली. हे कोल्हापुरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मीही लहानपणापासून त्याच पायऱ्या उतरत आलोय. पण घरच्या जिन्यात शिट्टी फुंकताना हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही.

आईनं पहिल्या पायरीवर पाऊल टाकलं आणि मागं घेतलं. आबांनी इकडं तिकडं बघत विचारलं, "हितली लिफ्ट कुठल्या अंगाला हाय, कोच?"

उतरताना गुडघा कसा सांभाळायचा याचा धडा कोर्समध्ये होता का, तेही मला आठवेना. असेलही. पळवला असेल.

मी काही बोलायच्या आत आईनं दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले. "तू फुडं हो. माज्याकडं तोंड कर." मग मी उलटा, मागं पाय चाचपत, एकेक पायरी उतरत गेलो आणि ती माझ्यावर भार टाकून खाली येत राहिली. प्रत्येक पायरीला तिचे ओठ घट्ट मिटायचे. मी भयंकर घाबरलो होतो. माझ्या शहाणपणापायी ही पडली तर, एवढंच डोक्यात होतं. ती मात्र पुढची पायरी घेत होती.

दर्शन झालं. आई देवापुढं रडली, मग हसली. परत येताना ती आम्हा दोघांना मागं टाकून सरळ वर गेली. आबा आणि मी धापा टाकत पोचलो, तेव्हा गुलाल-खोबऱ्याचा दुकानदार तिला विचारत होता, "मावशी, दमला न्हाईसा व्हय?"

"न्हाय. मास्तर लावलाय की मी," तिनं माझ्याकडं बोट केलं. "चढाय चांगलं शिकिवतोय. उतरायचं त्येचं त्येलाच येत न्हाय अजून."

दुकानदार हसला, आबा त्याहून मोठ्यानं हसले. आबांची अट पुरी झाली होती की नाही, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर आई पदर खोचून जिन्याच्या तोंडाशी उभी. "चल. आज खाली जायाचं शिकीव."

मी खाली बघितलं. शिट्टी गळ्यात नव्हती, ते बरंच झालं.

"आई, मला ते येत नाही. शिकून यायला लागेल."

"किती दिस?"

"दोन वर्षं."

तिनं मागं वळून आबांकडं बघितलं. आबांनी पेपर तोंडापुढं धरला, पण नाही म्हणाले नाहीत. तिनं कालच्यासारखाच माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मग जा, शिकून ये. मी हाय की तवर."