रुमालचाचांची सही

प्रिय रेवा आणि निखिल,

रेवा, परवा फोनवर तू म्हणालीस की तुमच्या इस्पितळातले जुने कागद संगणकात चढवायचं काम तुझ्याकडे आलं आहे, आणि काय ठेवायचं, काय टाकायचं हे तूच ठरवणार आहेस. फोन ठेवल्यापासून मला चैन नाही. ज्या माणसाबद्दल मी तुमच्या आईलाही कधी नीट सांगितलं नाही, त्याच्याबद्दल आज लिहायला बसले आहे.

रुमालचाचांना कागद शोधायला नंबर लागत नसे. आपल्या जिल्ह्यातल्या एका तालुका कचेरीत, तिचं नाव लिहीत नाही, ते दप्तरखाना सांभाळत. जुने कागद चौकोनी फडक्यात बांधून ठेवत, त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणत. त्यावरून त्यांचं हे नाव. समोरचा माणूस सर्व्हे नंबर सांगू लागला की चाचा हात वर करून त्याला थांबवत. "नंबर ऱ्हाऊ दे. आज्याचं नाव सांग. बांधावर झाड कशाचं हाय?" उत्तर ऐकून क्षणभर डोळे मिटत आणि उठून थेट त्या रुमालापाशी जात.

गाठीबद्दल ते फार काटेकोर होते. मी नवी नवी टायपिस्ट म्हणून रुजू झाले तेव्हा त्यांनी मला आधी काही शिकवलं असेल तर ती गाठ. एका ओढीत सुटली पाहिजे आणि आपोआप कधी सुटता कामा नये. "गाठ अशी मारायची बाई, की पुढच्यानं आपल्याला शिव्या घालू नयेत. मेल्यावर कुनी शिव्या घातल्या तर उत्तर द्यायला येता येत न्हाई."

बहात्तर साली नवे साहेब आले. तरुण, हुशार, कामाला वाघ. त्यांनी अर्ज घ्यायला खिडकी बसवली, अर्जाचा नमुना काढला आणि प्रत्येक रुमालाचं एक कार्ड करायचं काम मला दिलं. चाचा आतला मजकूर सांगत, मी लिहून घेई. मला फक्त गाव, वर्ष आणि विषय हवा असे. चाचा मात्र कोणाची म्हैस कोणाच्या शेतात शिरली तिथून सुरुवात करत.

"चाचा, एवढं कार्डावर मावत नाही."

"मग कार्ड मोठं आना की. आन मी मेल्यावर मला कितव्या नंबरला ठेवनार, तेबी आत्ताच लिवा."

आम्ही दोघंही हसत असू. नवी पद्धत वाईट होती असं मी आजही म्हणणार नाही.

शेवटच्या मांडणीत मोडीतले रुमाल होते. मोडी वाचणारे कचेरीत एकटे चाचा, आणि नेमके तेव्हा ते बायकोच्या आजारपणासाठी आठ दिवस रजेवर होते. नष्ट करायच्या कागदांची यादी जिल्ह्याला पाठवायची साहेबांना घाई होती. माझं इंग्रजी चांगलं, म्हणून यादी इंग्रजीत. स्थितीच्या रकान्यात त्या साऱ्या रुमालांपुढे मी 'वाचता येत नाही' या अर्थाचा इंग्रजी शब्द टाइप केला. चाचा परतल्यावर यादी सहीसाठी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. "तुमी लिवलंय ना बाई? मग बराबरच आसंल," म्हणत त्यांनी सही केली. महिन्याभरात ट्रक आला आणि रुमाल लगदा करायला कागद कारखान्यात गेले. चाचा त्या दिवशी बायकोला घेऊन नगरला दवाखान्यात होते.

बहात्तरच्या त्या दुष्काळात एका सकाळी कोंडाबाई आली. विधवा, दोन एकर लिंबांची बाग, बैल घोडेगावच्या बाजारात विकलेले.

"चाचा, चुलत दीर म्हंतो, तुजी पान्याची पाळीच न्हवती कदी. हिरीत हातभर पानी हाय, त्येबी घिऊ देत न्हाई. लिंबं वाळाया लागली."

"आसं कसं म्हंतो? बुधवार-गुरवार तुज्या सासऱ्याची पाळी. दोघा भावांनी मामलेदारापुढं आंगठे केलेत, मी सोता वाचलंय. बस, आनतो."

बराच वेळ ते बाहेर आले नाहीत, म्हणून मी आत गेले. रिकाम्या फळीवर हात ठेवून ते उभे होते.

"बाई, हितले रुमाल कुठं हलवले?"

"ते यादीत होते, चाचा. गेले."

"कंच्या यादीत?"

"तुम्ही सही केलीत त्या. त्यांच्यापुढे 'वाचता येत नाही' असं मी लिहिलं होतं."

ते ओरडले नाहीत. "मला वाचता येतं की, बाई," एवढंच म्हणाले. "मला इचारायचं तरी."

बाहेर येऊन त्यांनी कोंडाबाईला सांगितलं, "पोरी, कागद गेला. सही माजी हाय." माझं नाव त्यांनी तेव्हाही घेतलं नाही आणि पुढेही कधी नाही. मग साहेबांकडे जाऊन म्हणाले, मी वाचलंय, मी लिहून देतो. साहेब म्हणाले, "चाचा, तुमची आठवण हा पुरावा होत नाही." कोंडाबाईला दाखला मिळाला: अभिलेख उपलब्ध नाही. तो मीच टाइप केला. दिराला याहून जास्त काही नको होतं. शिमग्यापर्यंत तिची बाग जळाली. पुढे एकदा एस.टी.तून जाताना ती दुष्काळी कामावर खडी फोडताना दिसली. मी खिडकीतून मान वळवली.

त्यानंतर चाचांची थट्टा बंद झाली. कोणी आलं की म्हणत, "अर्ज करा. नंबर लिवा." साहेबांना वाटलं, म्हातारा अखेर नव्या पद्धतीला रुळला.

निवृत्तीला चार महिने उरले असताना त्यांनी जिन्याखालच्या अडगळीतून मोडीचे अकरा रुमाल काढून माझ्या टेबलावर ठेवले. "हे तुमच्या यादीत न्हवते. शिका आता." रोज दुपारच्या सुट्टीत ते मला मोडी शिकवत. चुकले की बोटाच्या पेराने टेबलावर टकटक करत. निरोपाच्या दिवशी शाल-नारळ घेतला, किल्ल्या मोजून माझ्या हातात दिल्या आणि म्हणाले, "येतो बाई." ते परत कधीच आले नाहीत. पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या गावाहून पोस्टकार्ड आलं, ते जाऊन महिना झाला होता. मला माफी मागायची होती. चार महिने रोज समोरासमोर बसून मी ती मागितली नव्हती.

मागच्या वर्षी मी त्या कचेरीत जाऊन आले. कोंडाबाईच्या विहिरीचा कागद त्या अकरांत नव्हता. मी तेव्हाच एकेक पान वाचून पाहिलं होतं. पण अकराही रुमाल जागेवर आहेत, आणि प्रत्येकात सर्वांत वर माझ्या अक्षरातला मराठी गोषवारा आहे.

तुमची आजी