आबासाहेबांचं लपणं

जळगाव जामोदच्या स्टँडवरून भर दुपारी आम्ही पळालो. एसटीत मी पुढं बसले, आबासाहेब शेवटच्या बाकावर, तोंडाला दुपट्टा बांधून. तिकिटं मीच काढली. ते गावातले सगळ्यात मोठे जमीनदार, मी त्यांच्या शेतात कापूस वेचणारी विधवा. तेही विधुर.

गाववाल्यांनो, तुम्ही अजून कुजबुजता म्हणून लिहिते. त्यांची आधीची दोन लफडी, नर्सबाईचं आणि बांगडीवालीचं, त्यांच्या भावांनी हसून पचवली. माझ्याशी मात्र ते लग्न करतो म्हणाले, तेव्हा भावांनी कुऱ्हाडी काढल्या. आई म्हणायची, "मोठ्याच्या सावलीतबी उभी राहू नोको." मी तर शेजारीच जाऊन बसले.

लोणारकडं लपलो. बीटी कपाशीचे ते दिवस. आमच्याकडं पीक गेलं होतं, इकडं बियाण्याच्या प्लॉटवर क्रॉसिंगला माणसं हवी होती. संध्याकाळी मादी कळीतले केसर खुडायचे, सकाळी तिच्यावर नर फूल घासायचं. मी आमच्याकडचं 'मले, तुले' बोलले की इथल्या बाया हसायच्या. आबासाहेबांचा हात मात्र पहिल्याच दिवशी बसला. मी म्हटलं, "जलमभर हेच तर केलं तुमी." ते लाजले. साठीचा माणूस लाजताना बरा दिसतो.

घात जेवणानं केला. जेवण झालं की ते ताटावर हात धरून बसून राहायचे, कोणीतरी पाणी घालेल म्हणून. मुकादमीण शकीलाबीनं ते पाहिलं.

"मजुराचे हात असे पुढं येत नाहीत. कोणत्या घरचा राजा उचलून आणलास गं?"

मी खरं सांगितलं. ती पोट धरून हसली आणि तांब्या त्यांच्याच हातात दिला. "आजपासून सगळ्या बायांच्या हातावर पाणी तू घालायचं."

पंधरा दिवसांनी त्यांचा धाकटा भाऊ दोन माणसं घेऊन बांधावर आला. पळायला जागा नव्हती. आबासाहेब एकेका बाईपुढं वाकून पाणी घालत होते. न थांबता म्हणाले, "ये लहान्या. जेवतं काय?"

भाऊ टक लावून पाहत राहिला. मग माणसांकडं वळला. "हा आपल्या घरचा नव्हे. चाला बे."

त्याला वाटलं, शिक्षा दिली. आम्ही दुसऱ्याच दिवशी तळ्याकाठच्या देवीपुढं हार घातले. दोन्हीकडची वरमाय शकीलाबीच.

गावामागचा सातपुडा आठवतो, खोटं कशाला बोलू. माझ्यासारख्या गाव सोडून गेलेल्या बायांनाही आठवत असेल. पण घर कोणतं विचाराल, तर इथलं. दुपारी दार सताड उघडं टाकून आम्ही दोघं घोरतो, आणि येणारा-जाणारा बघतो.