भाकरीला बुरशी लागेना

शिरपूरच्या कॉलेजात मी बारावीला जीवशास्त्र शिकवत होतो. धडा होता बुरशीचं पुनरुत्पादन. हा शब्द उच्चारला की मागच्या बाकावरच्यांचं पेन हटकून खाली पडतं. त्यात मी सांगून बसलो, की या बुरशीत नर-मादी नसतात, एक अधिक आणि एक उणे. लगेच प्रश्न आला, "सर, मंग वरपक्ष कोना?" मी डस्टर आपटलं. राग मला फार स्वस्तात येतो.

प्रयोगाला पुस्तकात पाव होता. गावाकडच्या पोरांना सोपं जावं म्हणून मी भाकरी सांगितली. पाणी शिंपडा, डब्यात झाका, दहा दिवस रोज बघा आणि दिसेल ते जर्नलमध्ये लिहा. आधी पांढरे तंतू येतात, मग त्यांच्या टोकाला काळे ठिपके. ठिपका फुटला की हजारो बीजाणू हवेत.

सातपुड्याच्या पायथ्याहून येणाऱ्या एका मुलीचं जर्नल मात्र असं होतं : "चौथा दिवस : भाकरी मऊ. सातवा दिवस : ज्वारीची भाकरी बाजरीची झाली. दहावा दिवस : भाकरी ऊन."

माझं डोकंच फिरलं. "चेष्टा करतेस? सही मिळणार नाही." सही नाही म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा नाही, वर्ष गेलं. तिचे डोळे भरले. "मैत्रिणीचं बघून उतरव," मी जरा नरमलो.

"सर, दिसलंच नाही ते कसं लिहू?"

दुसऱ्या दिवशी तिची आई डबा घेऊन हजर. "सर, मी रोज पहाटे ताजी भाकर ठेवस. मन्ही पोर शिळी भाकर कालेजमा दखाडी का? बाकी बठ्ठासनी भाकर सडनी, मन्ही नई सडनी. मंग पयला नंबर मन्हा पोरनाच ना?"

मी समजावलं, "अक्का, बुरशीचे बीजाणू हवेतच असतात, तुमच्याही घरात आहेत."

बाईंचा चेहरा उतरला. "पोरले नापास करा. पन मन्हा घरमा बुरशी शे, आसं कागदवर लिखानं नई."

त्या गेल्यावर मी मुलीला विचारलं, "ऊन भाकरी बघून तुला शंका नाही आली?"

"आली होती सर. पण जर्नलमध्ये शंकेचा रकानाच नव्हता."

मी म्हटलं, आता निष्कर्षात लिही. तिने तिथेच उभ्या उभ्या लिहिलं : "बीजाणू भाकरीवर पडले असतील. पण आई रोज पहाटे भाकरी बदलत होती, म्हणून त्यांना वेळ मिळाला नाही." मी सही केली. मग उरलेली जर्नलं पहिल्यांदा नीट उघडून पाहिली. सगळ्यांत एकाच भाकरीचं एकच चित्र होतं, ठिपकेसुद्धा मोजून सारखे, आणि प्रत्येकाखाली माझी सही आधीच झालेली होती.