बर्फाच्या ग्रुपवर आजी

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक बाई राहतात. वय सत्तरीच्या पुढे, शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या, आता निवृत्त. आम्ही वोल्फ्सबुर्गला राहायला आलो त्या पहिल्या हिवाळ्यात त्यांनी मला जिन्यात थांबवलं आणि विचारलं, तुम्ही बर्फावर जाता की नाही? मी पुण्याची. बर्फ म्हणजे उसाच्या रसात घालतात तो, एवढीच माझी ओळख. हे मी त्यांना मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी माझा नंबर घेतला आणि संध्याकाळपर्यंत मी त्यांच्या बर्फाच्या ग्रुपमध्ये होते.

आमचं गाव सपाट. हिवाळ्यात इथे पडतो तो बहुतेक पाऊसच, आणि आकाश करड्या रंगाचं. बर्फ पडतो दक्षिणेला, गाडीने दीडेक तासावर, हार्त्सच्या डोंगरात. पण वर पडला की नाही हे खाली खिडकीतून कळत नाही. म्हणून वर जो कोणी असेल त्याने खालच्यांना कळवायचं, यासाठी तो ग्रुप होता. कुणी लिहायचं, रात्रभर पडलाय, पार्किंग अजून रिकामं आहे. कुणी लिहायचं, ओला आहे, येऊ नका. बहुतेक दिवशी पहिला फोटो एकाच माणसाचा असायचा. बर्फात उभी रोवलेली मोजायची घडीची लाकडी पट्टी, कडेला हातमोज्याचा अंगठा, आणि खाली ‘नॉयश्ने’, म्हणजे ताजा बर्फ, एवढा एकच शब्द. हा माणूस वर लोइपेचं काम करायचा. लोइपे म्हणजे मशीनने बर्फात पाडलेल्या दोन चाकोऱ्या. त्यात स्की घालून सपाटीवरून, जंगलातून सरकत जायचं. उतारावरून सुसाट खाली येणं वेगळं. हे काम सावकाशीचं.

खालच्या बाईंनी मला आणि माझ्या मुलीला हे सावकाशीचं काम शिकवलं. मी किती वेळा पडले त्याला गणती नाही. माझा नवरा एकदाच आला, म्हणाला, मला ऑफिसात घसरायला पुरेसं मिळतं, आणि नंतर त्याने आमची गाडी धुण्यापुरता भाग घेतला. मुलगी मात्र महिन्याभरात माझ्या पुढे गेली.

दोन वर्षांपूर्वी माझ्या सासूबाई आमच्याकडे आल्या. सासरे गेल्यानंतर कऱ्हाडच्या घरात त्या एकट्याच होत्या, म्हणून नवऱ्याने आग्रह करून हिवाळाभरासाठी आणलं. आयुष्यभर त्यांनी शिवणाचे क्लास चालवले, दिवसभर घरात मुलींचा राबता असायचा. इथे आम्ही दोघं कामावर, नात शाळेत, आणि खिडकीबाहेर चिटपाखरू नाही. त्या तक्रार करायच्या नाहीत. पण दुपारी घरी आले की मला टेबलावर त्यांचा चहाचा कप तसाच भरलेला दिसायचा.

त्यांचं आणि खालच्या बाईंचं कसं जमलं हे मला आजही नीट सांगता येणार नाही. भाषा एकीची दुसरीला येत नव्हती. बाई वर यायच्या, दोघी सोफ्यावर बसायच्या आणि मोबाइलवर बर्फाचे फोटो बघायच्या. बाई बोट ठेवून सांगायच्या, हा चांगला, हा वाईट. एक दिवस सासूबाई मला म्हणाल्या, “अगं, मलाही त्या ग्रुपात घाल ना. मी काही बोलणार नाही, नुसतं बघेन.” बाईंनीच त्यांना घातलं. मुलगी त्यांना आजी म्हणते, म्हणून बाईंनी तेच नाव लिहिलं आणि ‘आजी इंडियाहून आल्या आहेत’ असं जाहीर केलं. सगळ्यांचा समज झाला की आजी हे त्यांचं नाव. कित्येकांनी ‘स्वागत, आजी’ म्हणून लिहिलं.

तेव्हापासून सकाळचा पहिला चहा आणि पट्टीचा फोटो हे त्यांचं ठरून गेलं. मी उठून स्वयंपाकघरात आले की त्या बातमी द्यायच्या. आज ओला आहे. आज वारा फार आहे. आज नेबेल आहे, धुकं. निश्ट दा म्हणजे नाही, बिट्टे म्हणजे कृपया, असे दहा-बारा शब्द त्या ऐकून ऐकून शिकल्या होत्या, आणि ते अगदी मराठी वळणाने उच्चारायच्या.

संक्रांतीच्या सुमारास एका शनिवारी फोटो आला आणि त्या म्हणाल्या, आज भुसभुशीत आहे, जाऊया. नवरा कंपनीच्या कामाने मेक्सिकोला गेला होता. बाईंना सर्दी-ताप होता, त्यांनी दारातूनच हात हलवून आम्हाला जायला सांगितलं. मग आम्ही तिघीच गेलो. वर पोचलो तेव्हा लख्ख ऊन होतं. पार्किंगजवळ एक लहानसा कॅफे आहे, तिथे खिडकीशी सासूबाईंना बसवलं. निघताना त्यांनी माझ्या खिशात तिळाच्या वड्यांची पुडी कोंबली आणि लोइपेच्या पाटीसमोर आम्हा दोघींना उभं करून फोटो काढला. आम्ही जेवायच्या वेळेपर्यंत येतो म्हणून निघालो.

हार्त्सचं जंगल आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. दुष्काळ आणि कीड यांनी स्प्रूसची झाडं मेली, पुष्कळशी तोडून टाकली. पूर्वी लोइपे दाट झाडांमधून जायचा, तिथे आता मोकळी माळरानं आहेत, मध्येच राखाडी बोडकी खोडं उभी. ऊन असलं की छान लांबवर दिसतं. पण वाऱ्याला अडवायला काही नाही. आम्ही परतीला लागलो तेव्हा वारा सुटला, मागोमाग धुकं आलं, आणि बघता बघता चाकोऱ्या बुजल्या. आधी एक पुसट झाली, मग दुसरी. मी स्कीच्या टोकाने चाचपत थोडी पुढे गेले आणि लक्षात आलं की आपण आता नुसत्या बर्फात उभे आहोत. कुठल्याही बाजूला पाहिलं तरी तेच पांढरं, त्यात तीच दोन-चार खोडं. मोबाइलला रेंज नव्हती.

मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. ती थांबली आणि जर्मनमध्ये म्हणाली की तिला आता चालवत नाही. मी तिला म्हटलं, आपण थोडं बसू, धुकं जाईल. तोडलेल्या ओंडक्यांची एक रास होती, तिच्या आडोशाला आम्ही स्की काढून बसलो. बाईंनीच सांगून ठेवलं होतं की दिसेनासं झालं तर भटकायचं नाही, एका जागी राहायचं. मी तिला मांडीवर घेतलं, माझं जॅकेट दोघींभोवती ओढलं, तिळाच्या वड्या काढल्या. ती खात होती आणि मी तिच्या टोपीवर हनुवटी टेकून ऐकत होते. कसलाच आवाज नव्हता. मला भीती वाटत होती. पण ती माझ्या अंगावर इतकी विश्वासाने रेलली होती की भ्यायची सोय नव्हती. मी तिला कऱ्हाडच्या घराबद्दल सांगत राहिले, तिच्या आजीच्या क्लासमधल्या मुलींबद्दल, जे जे आठवेल ते.

इकडे कॅफेत काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. जेवणाची वेळ टळून गेली, खिडकीबाहेरची पार्किंगमधली गाडीसुद्धा दिसेना, तेव्हा सासूबाई उठून काउंटरवर गेल्या. तिथली बाई भली होती, पण गर्दी होती. तिने हातानेच सांगितलं, येतील, बसा. त्या बसल्या, पुन्हा उठल्या. मला फोन लावला, लागला नाही. मुलाला लावला, तो तिकडे झोपलेला. मग त्यांनी बर्फाचा ग्रुप उघडला. महिनाभर ज्यावर एक अक्षर लिहिलं नव्हतं, त्यावर त्यांनी आमचा पाटीसमोरचा फोटो टाकला आणि बटण दाबून बोलायला लागल्या. तो निरोप माझ्या मोबाइलमध्ये अजून आहे.

“हॅलो. मी आजी बोलते. इथे नेबेल. खूप नेबेल. माझी सून आणि नात गेल्यात, त्या अजून आल्या नाहीत. निश्ट दा. मी कॅफेत आहे. बिट्टे, कुणीतरी बघा.”

खालच्या बाई तापात अंथरुणावर होत्या. त्यांनी निरोप ऐकला, पुन्हा ऐकला. नंतर त्या मला म्हणाल्या की शब्द चार कळले, पण शाळेच्या सहलींमध्ये इतकी वर्षं घालवली आहेत, पोर दिसत नसलं की माणसाचा आवाज कसा होतो ते सांगावं लागत नाही. फोटोतल्या पाटीवरून त्यांनी लोइपे ओळखला आणि सरळ पट्टीवाल्या माणसाला फोन लावला. तोवर ग्रुपवर आणखी पाच-सहाजणांनी लिहिलं होतं. एकजण त्याच बाजूला होता, तो कॅफेकडे वळला. एका बाईने लिहिलं, आजी, मी आत्ता पार्किंगमध्ये आहे, तुमच्याजवळ येते. आणि ती खरंच आली, सासूबाईंचा हात धरून बसली.

आम्हाला आधी आवाज आला, जमिनीतून आल्यासारखा घुमणारा. मग धुक्यात पिवळा दिवा. लोइपेचं ते भलंमोठं मशीन, पट्ट्यांवर चालणारं, आमच्यापासून बरंच लांबून जात होतं. मुलगी उठली आणि जिवाच्या आकांताने ओरडायला लागली. मीही ओरडले. दिवा थांबला, वळला. मशीनमधून एक उंच, दाढीवाला माणूस उतरला. त्याने आम्हा दोघींकडे पाहिलं, हातमोजा काढून मुलीच्या गालाला हात लावला, आणि म्हणाला, “आल्झो, चला तर, आजी वाट बघताहेत.”

मी तोवर रडले नव्हते. त्या परक्या माणसाच्या तोंडून ‘आजी’ ऐकलं आणि मला हुंदका आवरेना. त्याने ते पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. आमच्या स्की मागे बांधल्या, आम्हाला केबिनमध्ये चढवलं आणि थर्मासमधला चहा दिला. गंमत म्हणजे कॅफे फार लांब नव्हता. आम्ही सगळा वेळ त्याच्या अलीकडेच बसलो होतो.

सासूबाई दाराबाहेर उभ्या होत्या, माझा जुना मफलर कानाला गुंडाळून. त्यांनी नातीला पोटाशी धरलं. मग माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. आत गेल्यावर काउंटरवरच्या बाईने न मागता आमच्यासमोर सूप आणून ठेवलं आणि तीही डोळे पुसत होती. परतीच्या वाटेवर मी सासूबाईंना विचारलं, आई, ग्रुपवर बोलायचं तुम्हाला सुचलं कसं? त्या म्हणाल्या, “मला काय येत होतं? पण ही माणसं रोज एकमेकांना सांगतात, कुठे काय आहे ते. म्हटलं, आपणही आपलं सांगावं.”

पुढच्या आठवड्यात त्यांनी शेंगदाण्याचे लाडू केले आणि मला म्हणाल्या, चल, त्या माणसाला भेटून येऊ. या वेळी बाईही बरोबर होत्या. मशीनची शेड कॅफेच्या मागेच आहे. मी घरून आभाराची वाक्यं पाठ करून आले होते, चांगली लांबलचक. ती म्हणून झाल्यावर तो अवघडून म्हणाला की तो तसाही त्या बाजूला जाणारच होता. बाई मला हळूच म्हणाल्या, हे खोटं आहे. सासूबाईंनी मात्र काही पाठ केलं नव्हतं. त्यांनी डबा त्याच्या हातात ठेवला, त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि मराठीत म्हणाल्या, “तुमच्यामुळे माझं घर घरी आलं.” मी भाषांतर करायला तोंड उघडलं, तर त्याने मान हलवली. नको म्हणाला.

मग त्याने लाडू खाल्ला, दुसरा घेतला, हे भट्टीत भाजतात का ते विचारलं, आणि सासूबाईंना खूण केली. मशीनमध्ये बसायचंय का? साडी वर खोचून, आतून लोकरीची पँट, अशा त्या शिडी चढल्या. शेवटच्या पायरीवर त्याने हात दिला. संध्याकाळ व्हायला आली होती आणि बर्फ पडत होता. ते दोघं चाकोऱ्या पाडायला निघून गेले. आम्ही शेडच्या दारात उभ्या राहून बघत होतो. परत आल्या तेव्हा त्यांचे गाल लाल झाले होते. खाली उतरल्यावर त्यांना काही सांगायचं होतं, पण हसूच येत होतं. सासरे गेल्यानंतर मी त्यांना असं हसताना पहिल्यांदा पाहिलं. बाईंनी माझा दंड घट्ट धरला होता, तो त्यांनी बराच वेळ सोडला नाही.

मार्चमध्ये सासूबाई कऱ्हाडला परत गेल्या. क्लास पुन्हा सुरू केला आहे, आठवड्यातून तीनच दिवस. त्या ग्रुपमध्ये अजून आहेत. उन्हाळ्यात तिथे कुणी काही लिहीत नाही, तर त्या फोनवर चौकशी करतात, सगळे बरे आहेत ना?

मी इतकी वर्षं नुसती वाचत होते, आता कळवते. वर गेले की जे दिसेल ते लिहिते, बर्फ कसा आहे, वारा कुठून आहे, मोकळ्या माळावर चाकोऱ्या टिकल्यात की बुजल्यात. गेल्या महिन्यात मी लिहिलं की वरच्या बाजूला धुकं उतरतंय, मुलं बरोबर असतील तर खालच्या लोइपेवर राहा. कुणीतरी लिहिलं, धन्यवाद, आम्ही निघालोच होतो, आता खालीच थांबतो. त्याच्या लगोलग खालच्या बाईंचा निरोप आला, ग्रुपवर नाही, मला एकटीला. माझ्या जर्मन वाक्यातल्या एका शब्दाचं लिंग चुकलं होतं, ते त्यांनी दुरुस्त करून पाठवलं होतं.