नाव झाकून वाचलेली गोष्ट

मळीचा वास सुटला की साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला, हे कसबा बावड्यात कुणाला सांगावं लागत नाही. आज तो वास खिडकीतून आला आणि मला आमच्या जुन्या घराचा पुढचा सोपा दिसला.

तेव्हाही बाहेर असाच वास होता. थोरली बहीण, माझी अक्का, चकली खात बसली होती. दिवाळी अंकातली विज्ञानकथा मी लेखकाच्या नावावर अंगठा ठेवून वाचायचो आणि ती पहिल्या परिच्छेदातच लेखक ओळखायची. त्या दिवशी मात्र अडली. मंगळावरच्या विहिरीची गोष्ट होती. "थांब, थांब! ह्यो नवा हाय!" असं ओरडून तिनं उरलेली चकली माझ्या तोंडात कोंबली. नवा लेखक सापडला, की आमची खरी दिवाळी.

आता मोबाइल रोज नवे लेखक सुचवत बसतो. काय करू त्यांचं? मी शोधणं सोडलंय. संध्याकाळी अक्काला तोच डागाळलेला अंक वाचून दाखवतो, मंगळावरची तीच विहीर. तिचा चेहरा तसाच उजळतो.

"ह्यो नवा हाय की!" ती म्हणते. मग माझ्याकडं निरखून बघते.

"झ्याक वाचता. कुठल्या गावचं, पावणं?"